वस्तूंची साक्ष : कोलाज-कलेच्या परिचयार्थ प्रस्तावना

ज्या वस्तूचे पहिले काम संपले, तिला दुसरे काम देणे ही काटकसर होय. परंतु त्या पहिल्या कामाच्या खुणा तिच्या अंगावर तशाच राहू देऊन, त्या खुणांनाच नव्या रचनेत अर्थ प्राप्त व्हावा अशा रीतीने तिची योजना करणे, ही कला होय. या दोहोंतील अंतर प्रथमदर्शनी अल्प भासते, म्हणूनच ते बहुधा नजरेआड होते. आपल्या शाळांतून चिकटकाम या साध्या नावाने चालत आलेली आणि चित्रकारांच्या जगात कोलाज म्हणून मान्यता पावलेली जी कला, तिचे सारे मर्म या अंतरात साठविलेले आहे. कागद, कापड, बारदाना, काडी, बी, तार, जुने छायाचित्र, छापील अक्षरांचा कपटा अशा भिन्न जातींच्या जिनसा एका पृष्ठावर आणून, त्यांवर प्रसंगी रंग-रेषांचा संस्कार करून, त्यांच्या परस्परसंबंधातून चित्र उभे करावयाचे, असे या कलेचे स्थूल स्वरूप आहे. राळेगाव तालुक्यातील कलाशिक्षक, घरकाम व शेतकाम सांभाळून हाताला काही सुंदर करू पाहणाऱ्या आपल्या माता-भगिनी, आणि महागड्या रंगसाहित्याअभावी ज्यांची हौस मनातच राहते असे तरुण, यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. तिच्या आरंभी या कलेची पूर्वपीठिका आणि तिची नीती यांचे थोडे सविस्तर विवेचन करणे अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करू. वर्धा नदीच्या अलीकडील तीरावर वसलेला हा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा आहे. कापसाच्या जोडीला तूर आणि सोयाबीन. कापूस हे पीक असे आहे की त्याच्या प्रत्येक अवस्थेत काहीतरी बाजूला पडते. पेरणीच्या दिवसांत बियाण्यांची रंगीबेरंगी पाकिटे बांधावर उरतात. वेचणी झाल्यावर, पाकळ्यांसारखी उलगडून वाळलेली बोंडांची टरफले झाडावर राहतात. हंगाम संपला की पराट्या उपटून त्यांचे ढीग लागतात आणि त्यांतील बऱ्याच चुलीत जातात. जिनिंगमध्ये कापूस गेला म्हणजे रुई व सरकी निराळी होते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर सुमारे तिसरा हिस्सा रुईचा आणि उरलेला बहुतेक सारा सरकीचा. त्या रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि परमुलखी रवाना होतात. मागे राहतात ती फाटकी चुंगडी, सुतळीचे तुकडे, काटापट्ट्या, आडतीच्या पावत्या, आणि घराघरांतून जीर्ण झालेले सुती कपडे. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळच्या पावत्या आजही कित्येक घरांच्या पत्र्याच्या पेटीत आढळतात. ज्या चित्रकाराला आपल्या गावाचे चित्र काढावयाचे आहे, त्याला या जिनसांहून अधिक बोलके साहित्य कोणत्या दुकानात मिळेल? हिरव्या रंगाने शेत दाखविता येते हे खरे. परंतु पराटीची साल आणि काटापट्टीवरील वजनाचा आकडा शेजारी-शेजारी आले म्हणजे शेताबरोबर शेतकऱ्याचे वर्षही दिसू लागते.

ही कला आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तिचे नाव तिकडून आले, हे खरे. परंतु तिचा व्यवहार आपल्या घरांतून फार पूर्वीपासून चालत आला आहे, आणि त्याचे सर्वांत प्रौढ उदाहरण म्हणजे गोधडी. जुनी लुगडी आणि धोतरे धुऊन, उसवून, त्यांचे थर एकावर एक अंथरून, वरच्या थरावर निवडक तुकड्यांची मांडणी करून, धावदोऱ्याच्या समांतर ओळींनी ते सारे एकजीव करावयाचे, ही प्रक्रिया नीट पाहिली तर कोलाजचे सर्व नियम तीत अंतर्भूत असल्याचे ध्यानात येते. कोणता तुकडा मध्यावर यावा, कोणत्या रंगाच्या कडेला कोणता रंग सोसेल, काठ कोठे जपून ठेवावा आणि कोठे दुमडून आत घ्यावा, याचा निर्णय करणारी स्त्री कोणत्याही चित्रशाळेत शिकलेली नसते. पण तिचा डोळा शिकलेला असतो. त्याहून महत्त्वाचे हे की, आजीच्या लुगड्याचा तुकडा गोधडीत आजीच्या लुगड्याचाच राहतो. नातवंडांना तो बोटाने दाखविता येतो. वस्तू नवी झाली तरी तिच्या घटकांची ओळख बुजली नाही, ही गोधडीची थोरवी. आणि हीच कोलाजची कसोटी.

याच वऱ्हाडच्या भूमीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र अंगावर घेतले, आणि गाडग्याचा तुकडा व खराटा यांसह ते गावोगाव हिंडले. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत. त्यांचे ते वस्त्र शोभेसाठी नव्हते. समाजाने जे तुच्छ म्हणून टाकले ते मी अंगावर मिरवितो, असा त्याचा रोकडा अर्थ होता, आणि कीर्तनाला जमलेल्या निरक्षर श्रोत्यालाही तो शब्दावाचून कळत असे. टाकलेल्या वस्तूत केवढे वक्तृत्व असू शकते, याचा याहून बलवत्तर पुरावा शोधण्याची गरज नाही.

शोभेच्या अंगाने पाहू गेल्यास आपल्याच जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा तांड्यांकडे वळावे लागेल. बंजारा स्त्रियांच्या फेटिया, कांचळी आणि ओढणी यांवर आरशाचे तुकडे, कवड्या, गुंड्या आणि चलनातून गेलेली नाणी टाकून जी वेलबुट्टी उभी केली जाते, तिला मिश्रमाध्यम हे नाव शास्त्रतः देता येईल. बाजारात जे नाणे कोणी घेणार नाही, ते त्या वस्त्रावर पुन्हा मोलाचे होते. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना डकविलेली बेगड, रंगीत कागदांची बाशिंगे व तुकडे जोडून शिवलेल्या झुली; दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यास मुलांनी आपल्या लाकडी बैलांना हाताशी येईल त्या कागदा-कापडाने चढविलेला साज; नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत बांबू, कागद आणि चिंध्या यांतून उभे केलेले, समाजातील दोषांवर बोट ठेवणारे बडगे; ही सारी याच कुळीची निर्मिती होय. घरातील देव्हाऱ्याशेजारीही तिचे एक रूप नांदत होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ पासून देवदेवतांची रंगीत शिळाछापे निघू लागली, तेव्हा ती चित्रे भिंतीवर लावण्यापूर्वी लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील वस्त्रांवर खऱ्या कापडाचे तुकडे, जर, टिकल्या आणि मणी चिकटवून त्यांना पोशाख घालण्याची रीत कित्येक घरांत पडली. छापखान्याने हजारो प्रतींत काढलेले चित्र त्या हस्तस्पर्शाने एका घरचे, एका हाताचे झाले.

अशी पूर्वपीठिका असताना पश्चिमेकडील घडामोडींचा उल्लेख करावयाचा तो केवळ उसनवारीची कबुली म्हणून करू नये. आपण जे करीत होतो, त्याचा विचार त्यांनी कसा केला हे समजून घेण्यासाठी करावा. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने एका स्थिरचित्रात वेताच्या विणीचा ठसा छापलेले मेणकापड चिकटविले आणि त्या लंबगोल चित्राला चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा सहकारी ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाटनात बसविला. वस्तूचे चित्र काढण्याऐवजी वस्तूचाच अंश चित्रात आला, आणि खरे कोणते व भासमान कोणते, हा प्रश्न प्रेक्षकापुढे उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्स याने ट्रामची तिकिटे, वेष्टने, तारा, लाकडाच्या ढलप्या असे रस्त्यावरचे साहित्य गोळा करून आपली चित्रे रचली. उद्ध्वस्त झालेल्या देशात शाबूत असे काही उरले नाही, तेव्हा मोडक्यातूनच जोडले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. दुःखाच्या काळात ही कला पलायन शिकवीत नाही, उरलेले हाती घेऊन पुढे जाण्यास शिकविते, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्याच्या वाचकास निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या देशात या विचाराला एक निराळे वळण मिळाले, आणि ते आपल्यापासून फार दूर मिळाले नाही. वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेले की वर्धा शहरात मगनवाडी आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य तेथून जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. टाकाऊ पदार्थांपासून हातकागद तयार करणे हा तेथील उद्योगांपैकी एक होता, आणि १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. स्वतः गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि उलगडलेले लिफाफे लिहिण्यासाठी वापरीत, हे सर्वश्रुत आहे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा त्यांच्याच आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात सहज मिळणारे इतर साहित्य यांतून अधिवेशन-नगराची सजावट उभी केली. दरिद्री साहित्यातून श्रीमंत सौंदर्य निर्माण होऊ शकते, ही प्रतिज्ञा महाराष्ट्राच्या एका गावात अशा रीतीने सिद्ध झाली. पुढे १९७५ साली अमेरिकेचे रॉबर्ट राउशेनबर्ग अहमदाबादेस आले आणि गांधीजींच्या आश्रमाशी निगडित कागद-कारखान्यात बसून त्यांनी चिंध्या, माती, बांबू, दोर यांतून आपली कलाकृतींची मालिका केली. ज्याने कोलाजला स्वतःच्या देशात नवे सामर्थ्य दिले, त्या चित्रकाराला ते साहित्य भारतीय खेड्याच्या परंपरेत सापडावे, ही घटना अर्थपूर्ण आहे.

आपल्या आधुनिक चित्रकारांनीही हा मार्ग चोखाळला. मुंबईत जन्मलेले व बडोद्यास स्थायिक झालेले भूपेन खक्कर यांनी १९६५ च्या सुमारास बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे कापून आपल्या कोलाजांत बसविली. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात असताना तांत्रिक प्रतीकांकडे आकृष्ट झाले आणि रंगाखेरीज प्रत्यक्ष वस्तूही त्यांच्या चित्रपृष्ठावर आल्या. बंगालचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ च्या सुमारास गेली, तरी त्यांनी चित्रे करणे सोडले नाही, कागद कापून व चिकटवून ती केली; कात्रीखाली फिरणाऱ्या कागदाची कड बोटांना कळते, आणि जे बोटांना कळते त्याची रचना डोळ्यांवाचूनही करता येते, हे त्यांनी दाखविले. कोलाज ही स्पर्शाची कला आहे, हे शिकविण्यासाठी याहून उत्तम पाठ नाही.

आता एका मतभेदाच्या मुद्द्याकडे वळतो. "टाकाऊतून टिकाऊ" हे वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवर आणि कार्यानुभवाच्या तासांतून इतके रूढ झाले आहे की त्याविषयी शंका घेणे उद्धटपणाचे वाटावे. त्यातील काटकसरीचा उपदेश मला पूर्णतः मान्य आहे. परंतु त्याच्या नावाने जे पुष्कळसे काम होते, त्यात वस्तूचे पूर्वरूप लपविण्यावरच सारा भर असतो. बाटलीला सोनेरी रंग फासून ती फुलदाणी असल्याचा आव आणावयाचा, बारदान्यावर चकचकीत कागद डकवून तो मखमल वाटावा अशी खटपट करावयाची, आणि पाहणाऱ्याने "हे कशापासून केले ते ओळखूच येत नाही" असे म्हटले म्हणजे कृतार्थ व्हावयाचे, ही दृष्टी मुलांना नकळत असे शिकविते की गरीब वस्तूला आपल्या मूळ रूपात प्रतिष्ठा नाही. कापूस वेचणाऱ्या आईच्या मुलाने हे शिकावे, हे मला अनिष्ट वाटते. बारदाना हा बारदाना म्हणूनच सुंदर आहे. त्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी, त्यावरील शाईचा अस्पष्ट शिक्का, ओझ्याने पडलेला ताण, सुतळीने घातलेली टाके-दुरुस्ती, हे सारे त्याचे चरित्र आहे. चित्रकाराने त्याला वेश चढवू नये, त्याची साक्ष काढावी. या पुस्तिकेतील सर्व पाठ याच एका तत्त्वावर उभारले आहेत.

साक्ष काढावयाची म्हणजे सर्व साक्षीदारांना एकदम बोलू द्यावयाचे नाही, हेही तितकेच खरे. नवशिक्याच्या कामात आढळणारा मुख्य दोष दारिद्र्याचा नसून गर्दीचा असतो. म्हणून जमविणे, निवडणे, मांडणे आणि चिकटविणे या चार पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि मांडणीला सर्वाधिक वेळ द्यावा. तुकडे खळ न लावता पृष्ठावर ठेवावेत, हलवावेत, काढून घ्यावेत. एखादा तुकडा काढल्याने चित्राचे काही बिघडत नसेल तर तो तेथे नको होता असे समजावे. आणि रिती जागा हाही एक तुकडा आहे, हे विसरू नये.

टिकाऊपणाचा प्रश्न व्यावहारिक असला तरी उपेक्षणीय नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यातील काष्ठद्रव्यामुळे तो उन्हात थोड्याच काळात पिवळा पडतो व ठिसूळ होतो. उलट चिंध्या, जुने दोर यांच्या तंतूंपासून हाताने केलेला कागद शतकानुशतके टिकतो. जुन्या दप्तरांतील रुमालांत बांधलेले दौलताबादी व जुन्नरी कागद याची ग्वाही देतात. ज्या मुलखात कापूस पिकतो, तेथील जीर्ण सुती कापड हे कोलाजसाठी उत्तम साहित्य होय, हे यावरून सहज सिद्ध होते. चिकटविण्यासाठी चिंचोक्याची अथवा पिठाची खळ स्वस्त व सुलभ. मात्र तिला झुरळे व कसर लागते, म्हणून जिल्दसाज तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती ती खळ कदापि देऊ नये. त्यांच्यासाठी ताजी पिठाची खळ किंवा फेविकॉल बरे. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस ओला कागद डकविला तर वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. यास्तव मागील बाजूसही तेवढाच कागद चिकटवावा आणि काम पूर्ण सुकेपर्यंत वजनाखाली ठेवावे. आपल्याकडील वैशाखाचा ताप आणि श्रावणाची ओल या दोहोंना ज्याने तोंड दिले, तेच चित्र भिंतीवर राहील. रंगासाठी गेरू, चुना, हळद, नीळ, काजळी आणि आपली काळी माती हाताशी आहेतच. फाल्गुनात पळस फुलला की त्याचा केशरी रंगही फुकट मिळतो, जरी तो प्रकाशात उडतो, हे ध्यानात ठेवून वापरावा.

येथवर काय घ्यावे हे सांगितले. काय घेऊ नये, हे त्याहून अधिक निक्षून सांगितले पाहिजे. कीटकनाशकांचे डबे, बाटल्या व पाकिटे कितीही आकर्षक रंगांची असली तरी त्यांना हात लावू नये. धुऊन घेतली तरीही नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्याने विषबाधेचा जो अनर्थ पाहिला, त्यानंतर या बाबतीत तडजोडीला जागा उरलेली नाही. आरंभी ज्यांचा उल्लेख आला त्या बियाण्यांच्या पाकिटांपैकी विषप्रक्रिया केलेल्या बियाण्यांची पाकिटेही याच कारणास्तव वर्ज्य समजावीत. त्यांचा रंग हवा असेल तर पाकिटाकडे पाहून रंगवून घ्यावा.

दुसरा निषेध कागदपत्रांविषयी. सातबारा, फेरफार, खरेदीखत, कर्जफेडीची पावती यांपैकी कोणताही अस्सल कागद कात्रीखाली येता कामा नये. आपल्या तालुक्यात गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी बांधवांची मोठी वस्ती आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यात वनखात्याने कधीकाळी केलेल्या दंडाची जीर्ण पावतीसुद्धा वहिवाटीचा पुरावा ठरू शकते. जो कागद चित्रात साक्ष देईल म्हणून आपण हाती घेतो, त्याची खरी साक्ष कचेरीत व्हावयाची असेल, तर चित्राने माघार घ्यावी. नक्कल काढून ती वापरावी. तिसरा संकोच देवदेवतांच्या व दिवंगतांच्या छायाचित्रांविषयी. जुन्या दिनदर्शिकेवरील लक्ष्मी किंवा विठोबा हा आपल्याकडे केवळ छापील कागद नसतो. घरातील वडीलधाऱ्यांची संमती घेतल्यावाचून त्यास हात लावू नये, आणि कुटुंबातील छायाचित्रांची प्रतच घ्यावी. या मर्यादा कलेच्या स्वातंत्र्यावर आघात करतात असे मला वाटत नाही. ज्या कलेचे भांडवलच मुळी दुसऱ्यांच्या आयुष्यातून आलेल्या वस्तू हे आहे, तिला त्या आयुष्यांचा आदर राखणे भाग आहे.

पुस्तिकेची रचना थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात साहित्याची ओळख व साठवण. दुसऱ्यात केवळ कागदाचे पाठ. तिसऱ्यात कापड, बारदाना, पराटी, सरकी व बोंडे यांचे मिश्रकाम. चौथ्यात रंग व रेषांची जोड. आणि शेवटच्या भागात शाळेने किंवा मोहल्ल्याने मिळून करावयाच्या मोठ्या भित्तिचित्राची आखणी आहे. शिक्षकांना विनंती इतकीच की, नमुन्यांची नक्कल करवून घेऊ नये. प्रत्येक मुलाला आपल्या घरातून एक वस्तू आणावयास सांगावे, तिचा वृत्तांत घरी विचारून यावयास सांगावे, आणि तो वृत्तांत वर्गात बोलला गेल्यानंतरच कात्री हाती द्यावी. ज्या वस्तूचा इतिहास ठाऊक झाला, तिला मूल उगीच कापत नाही, आणि जेथे कापते तेथे विचाराने कापते.

राळेगावसारख्या गावाचा इतिहास मोठ्या ग्रंथांत क्वचितच लिहिला जातो. तो काटापट्टीवर असतो, गोधडीच्या थरांत असतो, झुलीच्या आतल्या अस्तरात असतो, आणि त्या वस्तू फेकल्या गेल्या की त्यांच्याबरोबर तोही जातो. त्या वस्तूंतून एक चित्र उभे करणे म्हणजे त्या इतिहासाचा एक दस्तऐवज आपल्या हाताने तयार करणे होय. हे काम करण्यास आपल्यातील प्रत्येकजण अधिकारी आहे, कारण त्याचे साहित्य प्रत्येकाच्या घरात आहे. आणि ते आज हाती घेतले पाहिजे, कारण साहित्य रोज भंगारात आणि चुलीत जात आहे. या पुस्तिकेच्या वाचनाने तालुक्यातील काही घरांत आणि शाळांत असे काम सुरू झाले, तर तिचे प्रयोजन सफल झाले असे मी मानीन.

राळेगाव, जिल्हा यवतमाळ